माया होवाळे आणि एकशे चार किलो

माया होवाळेला एका जागी स्वस्थ बसवायचं नाही. शाळेत पेपर देऊन बाहेर आली की ती पुन्हा वर्गाच्या खिडकीशी जायची आणि बाईंना विचारायची, माझ्या पुरवणीला दोरा नीट बांधलाय ना. घराला कुलूप लावलं की चार पावलं जाऊन परत यायची, कुलूप ओढून बघायची. तिची आई आक्काताई म्हणायची, "लोकांच्या पायाला भिंगरी असती, हिच्या डोक्यालाच हाय."

होवाळ्यांचं मूळ गाव जत तालुक्यातलं. पण मायाचे वडील आण्णा एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर म्हणून लागले तेव्हापासून घर सांगलीतच होतं. आक्काताई शहरातल्या एका खासगी दवाखान्यात मावशी होती. वॉर्डात चादरी बदलायच्या, पेशंटला उठवायचं-बसवायचं, आणि नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी पडली की कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगायचं, असं सगळं तिच्याकडं. माया बी.एस्सी. झाली, वर्षभर पुण्यात राहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आली आणि सत्त्याण्णव साली विश्रामबागेत ऋषिराज निकमांच्या ऑफिसात लागली. सायकलच्या दुकानावरची माडी, दोन खोल्या, चार कॉम्प्युटर आणि टेलिफोनच्या तारेला जोडला की किंचाळणारा एक मोडेम. निकमांचा ऊस होता, घरातले दोघं मिलिटरीत होते. ऋषिराज एकटाच इंटरनेटच्या नादाला लागलेला. पुढची पाच वर्षं वेब पानांचीच, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. येणारे-जाणारे मान हलवून खाली सायकलचं पंक्चर काढायला जायचे.

रक्तदात्यांचं काम मायानंच आणलं. साताऱ्यात उरमोडी रक्तदाता मंडळ नावाची एक संस्था होती. गावोगाव शिबिरं घ्यायची आणि दात्यांची नावं वहीत लिहून ठेवायची. वही साताऱ्यात आणि पेशंट सांगलीत, अशी नेहमीची अडचण. रक्तासाठी धावणारे लोक आक्काताईनं रोज बघितलेले. त्यांच्या गोष्टी ऐकून ऐकून माया एक दिवस मंडळाच्या डॉक्टरांना जाऊन भेटली. म्हणाली, ही यादी वेब पानावर ठेवू. सांगलीतून, मिरजेतून, साताऱ्यातून, कुठूनही गट टाकला की नावं आणि फोन दिसतील. नवीन माणसाची नोंदही त्याच पानावर करता येईल.

डॉक्टर वयस्कर आणि शंकेखोर होते, पण त्यांना ते पटलं.

पान तयार झालं. नाव, गाव, फोन, रक्तगट, वय, वजन अशा चौकटी. शेवटी एक बटण. बटण दाबलं की पान आधी तपासायचं: वय अठराच्या खाली किंवा साठच्या वर आहे का, वजन पंचेचाळीस किलोच्या खाली आहे का. तसं असेल तर रोमन अक्षरांत कारणासकट उत्तर यायचं, जसं, "वजन कमी आहे, नोंदणी होणार नाही." नसेल तर नाव यादीत जायचं. पहिले दोन महिने सगळं झकास चाललं. मग डॉक्टरांचा निरोप आला की ही पंचेचाळीसची हद्द आम्हाला बदलता आली पाहिजे, कधी पन्नास ठेवावी लागते. मायानं पानावर वरच्या कोपऱ्यात आणखी एक चौकट केली, हद्दीची. त्यात मंडळाचा माणूस जो आकडा लिहील त्याच्याशी वजन ताडून बघायचं. अर्ध्या तासाचं काम होतं. तिनं चौकटीत पंचेचाळीस लिहिले आणि वजनं टाकून बघितली. बावन्न घेतलं, चव्वेचाळीस नाकारलं, साठ घेतलं, अडतीस नाकारलं. जिना उतरता उतरता परत वर आली, एकोणपन्नास टाकून बघितलं. घेतलं. मग घरी गेली.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत रहिमतपूरला शिबिर झालं. निकम हौसेनं शिबिरांना एक कॉम्प्युटर जीपमधून पाठवायचे, तसा तिकडंही पाठवला. शाळेच्या ऑफिसातल्या फोनला मोडेम जोडला आणि बाहेर फळ्यावर लिहिलं, 'नोंदणी कॉम्प्युटरवर'. टायपिंग करायला गावातल्या औषध दुकानाचा सिद्धू बसला. त्या दिवशी दुपारी त्याचा मायाला फोन आला.

"मॅडम, एका माणसाचं वजन घेत नाहीये पान."

"बाकीच्यांचं घेतंय?"

"बाकीच्यांचं घेतंय."

माया फोन कानाला लावूनच आपल्या मशीनकडं वळली. चोपन्न टाकलं, घेतलं. एकसष्ट टाकलं, घेतलं. "इथं तर चालतंय. तुम्ही आकड्यापुढं किलो वगैरे लिहिलं का? का मध्ये जागा सोडली?"

"नाही, नुसता आकडाच."

"परत एकदा नीट टाका. चुकीचं टाइप झालं असेल."

पलीकडं गर्दीचा आवाज होता. सिद्धू बरं म्हणाला आणि फोन ठेवला. किती वजन, हे मायानं विचारलं नाही. कुलूप दोनदा ओढून बघणारी मुलगी, पण तेवढा एक प्रश्न तिच्या तोंडून आला नाही. पुढं कितीतरी दिवस हाच प्रश्न तिला भर बाजारात, बसमध्ये, ताटावर बसली असताना आठवायचा.

मे महिना लागला. एका सकाळी दहाच्या सुमाराला दवाखान्यातून आक्काताईचा फोन आला. ती ऑफिसात सहसा फोन करायची नाही.

"माया, ओ निगेटिव्ह बघ बरं तुझ्या यादीत. आपल्या जतकडची बाई हाय, राहीबाई नावाची. पोटात गाठ हाय आन रगत थांबंना. डाक्टर म्हनत्यात आज सांजच्याला आपरेशन कराय पायजे. दोन बाटल्या पायजेत. रक्तपेढीत न्हाई, मिरजंतबी न्हाई."

"नातेवाइकांचं जुळत नाही?"

"नवरा हाय एकटा. त्याचं जुळंना. भिताडाला टेकून बसलाय, पाणीसुदिक पीत न्हाई."

मायानं गट टाकला. दोन जिल्ह्यांत मिळून नावं आली चार. पहिला पुण्याला नोकरीला गेलेला. दुसऱ्यानं मागच्याच महिन्यात रक्त दिलेलं. तिसरा विट्याचा एक शिक्षक, तो म्हणाला, शाळेला सुट्टीच आहे, निघतो. चौथ्याचा फोन वाजत राहिला. तिनं तो सहा वेळा लावला, मग उठली, खोलीतून दोन फेऱ्या मारल्या, परत लावला. कुणी उचलला नाही. मंडळाच्या साताऱ्याच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या वहीत वेगळं नाव नव्हतं. कराड झालं, वाळवा झालं, इस्लामपूर झालं. बारा वाजत आले तेव्हा तिनं रहिमतपूरला सिद्धूच्या दुकानात फोन लावला.

"सिद्धू, तुमच्याकडं ओ निगेटिव्ह कुणी आहे का? यादीत नाही, पण तुमच्या ओळखीत?"

"आहेत की. आमचे गुंडा पैलवान. मिलिटरीच्या कार्डावरच लिहिलंय त्यांच्या. पण तुमच्या कॉम्प्युटरनं त्यांना घेतलं नाही ना."

"का घेतलं नाही?"

"वजन कमी म्हणाला. मी फोन केला होता की तुम्हाला तेव्हा."

"किती वजन आहे त्यांचं?"

"एकशे चार."

मायानं फोन दुसऱ्या कानाला लावला. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. सिद्धू सांगत राहिला. पैलवान शाळेच्या मैदानात शर्ट काढून वजनकाट्यावर उभे राहिले, काटा पार शेवटाला गेला, आणि आत पान म्हणालं वजन कमी आहे. रांगेतली सगळी माणसं हसायला लागली. पैलवान आधी स्वतःही हसले. मग दुसऱ्यांदा टाइप केलं, तिसऱ्यांदा केलं, तरी तेच, आणि नोंद झाल्याशिवाय रक्त घेत नव्हते. मागून कुणीतरी म्हणालं, पैलवान, खुराक वाढवा. तेव्हा ते शर्ट घालून निघून गेले. तेव्हापासून पोरं त्यांना पारावर बघून खुराक म्हणून हाक मारतात.

"त्यांना फोनवर बोलवाल का?" माया म्हणाली. "आत्ता. मी थांबते."

"धरू नका तुम्ही, बिल चढेल. मी बोलावतो, तुम्ही पंधरा मिनिटांनी करा."

ती पंधरा मिनिटं मायानं कशी काढली ते तिचं तिला माहीत. मशीनवर एकशे चार टाकून बघायचा तिला धीर झाला नाही. ते एकदा बघितलं असतं तर मग त्यातून उठणं झालं नसतं. ती जिना उतरून रस्त्यावर गेली, सायकलवाल्याच्या पंपाकडं बघत उभी राहिली, परत वर आली. फोन लावला तेव्हा पलीकडं जड, सावकाश आवाज होता.

"बोला."

"पैलवान, मी माया होवाळे बोलते, सांगलीतून. ते शिबिरातलं पान मी तयार केलं होतं."

"तुमीच व्हय त्या. मग माजं वजन भरलं का आता?"

"तुमचं वजन बरोबरच होतं. चूक माझी होती. काय चूक आहे ते मला अजून कळलेलं नाही, पण माझीच आहे. इथं एक बाई आहे जतकडची, तिला आज संध्याकाळपर्यंत तुमचं रक्त लागतंय. एक दाता मिळालाय, दुसरा कुणी मिळत नाही."

पलीकडं दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

"बाई कुठल्या गावची म्हणालात?"

"जतच्या पलीकडची. राहीबाई नाव आहे."

"आमी वळखत न्हाई." मग थोडं थांबून पैलवान म्हणाले, "जीप बगतो. तुमी दवाखान्याच्या दारात उबं ऱ्हावा. मला सांगलीतलं काय म्हाईत न्हाई."

चारच्या आत जीप आली. पैलवान उतरले तेव्हा जीप एका बाजूनं वर आली. पन्नाशीचा माणूस, मोडलेले कान, पांढरा सदरा. त्यांनी मायाकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "लहानच हायसा की तुमी." आत जाऊन झोपले, हात पुढं केला. विट्याचे शिक्षक आधीच येऊन गेले होते. रक्ताच्या तपासण्या होईस्तोवर पावणेसहा झाले. सव्वासहाला राहीबाईला आत घेतलं. पैलवानांनी चहा घेतला, बिस्किटं नको म्हणाले, आणि तिच्या नवऱ्याजवळ बाकावर जाऊन बसले. तो नवरा कानडी मुलखाला लागून असलेल्या गावचा, मराठी अडखळत बोलणारा. दोघांना फारसं बोलता आलं नाही. पण पैलवानांनी त्याला पाणी प्यायला लावलं.

राहीबाई वाचली. आठवड्यानं चालायला लागली, अठराव्या दिवशी घरी गेली. पण दवाखान्यातले डॉक्टर आक्काताईजवळ बोलून गेले की रक्त दुपारीच हाती असतं तर बाईला इतकं सोसावं लागलं नसतं. आक्काताईनं हे मायाला सांगितलं. लपवायचं तिला सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी तिनं लपवलं नसतं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या मायानं चौकटीत एकशे चार लिहिलं आणि बटण दाबलं. वजन कमी आहे, नोंदणी होणार नाही. शंभर टाकलं, नाही. नव्व्याण्णव टाकलं, घेतलं. एकशे वीस टाकलं, नाही. म्हणजे तीन आकडी झालं की नाही. ती खुर्चीवरून उठली, बसली. मग तिनं प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. पान चालू असताना, तपासणीच्या अगदी आधी, हाती आलेल्या गोष्टीला विचारायचं की तू कोण आहेस, आकडा की आणखी काही. ब्राउझरच्या भाषेत ती सोय होती. तिनं ती पुस्तकात वाचलेली, वापरलेली कधी नव्हती. बटण दाबलं. छोटी चौकट उघडली, त्यात एकच शब्द: स्ट्रिंग. म्हणजे अक्षरांची माळ. हद्दीच्या चौकटीला विचारलं, तिथंही स्ट्रिंग.

तिला एकदम सगळं दिसलं. पानावरच्या चौकटीत माणूस काहीही लिहो, प्रोग्रॅमच्या हाती येतात ती अक्षरं. एक, शून्य, चार ही तीन अक्षरं. चार, पाच ही दोन अक्षरं. दोन शब्द शब्दकोशात जसे लावतात तसे त्यानं ते लावून बघितले. पहिलं अक्षर एक, पलीकडचं पहिलं अक्षर चार, एक आधी येतो, म्हणजे हा लहान. पुढची अक्षरं बघायचं कारणच उरलं नाही. आणि पहिले दोन महिने चाललं कसं? तेव्हा पंचेचाळीस तिनं प्रोग्रॅममध्येच आकडा म्हणून लिहिला होता. एका बाजूला खरा आकडा दिसला की ही भाषा न विचारता दुसऱ्या बाजूचाही आकडा करून घेते. डॉक्टरांसाठी हद्दीची चौकट केली त्या दिवशी दोन्ही बाजूंना अक्षरं झाली. भाषेनं तक्रार केली नाही. तिनं बावन्न, चव्वेचाळीस, साठ टाकून बघितलं. दोन-दोन अक्षरी शब्द शब्दकोशातही बरोबरच लागतात.

खात्री करायला तिनं एका कोऱ्या पानावर स्वतःचं वय लिहिलं, सव्वीस, आणि त्यात चौकटीतूनच घेतलेला एक मिळवला. उत्तर आलं दोनशे एकसष्ट, सव्वीसापुढं एक चिकटवून. ती त्या आकड्याकडं बघत बसली.

निकम अकरा वाजता आले. मायानं त्यांना सगळं दाखवलं. त्यांना ते चटकन कळलं, हुशार माणूस होता. "दुरुस्त झालं ना? मग झालं. मंडळाला सांगू की सर्व्हर बदललाय, आता अडचण येणार नाही."

"सर्व्हरचा काही संबंध नाही सर."

"मला माहिती आहे. त्यांना काय कळणार आहे? आपल्याकडं आत्ता दोन संस्थांची कामं यायची आहेत. चूक आमची म्हणून कागदावर दिलं तर गावभर होईल."

"गावभर झालेलंच आहे सर. रहिमतपूरला त्या माणसाला खुराक म्हणतात."

त्या शनिवारी माया रजा टाकून एस.टी.नं साताऱ्याला गेली आणि डॉक्टरांपुढं उभं राहून तिनं जे होतं ते सांगितलं. जानेवारीत फोन आला होता आणि मी विचारलं नाही, हेही सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. रागावले नाहीत, त्यामुळं तिला अवघड गेलं. त्यांनी फक्त विचारलं, "असे आणखी किती असतील?"

हाच प्रश्न तिलाही कुरतडत होता. नाकारलेल्यांची नावं पान कुठंच ठेवत नव्हतं. पण प्रत्येक शिबिरात कागदाचे फॉर्म भरलेले होते, मंडळाच्या कपाटात गठ्ठे करून ठेवलेले. मायानं दोन रविवार साताऱ्याच्या त्या खोलीत काढले. सोळाशेच्या वर फॉर्म. प्रत्येकावरचं वजन बघायचं, शंभर किंवा वर असेल तर यादीत नाव आहे का ते बघायचं. पंख्यानं कागद उडायचे म्हणून पंखा बंद. शेवटी बाजूला निघाले अकरा फॉर्म. अकरा माणसं रक्त द्यायला आली होती आणि वजन कमी म्हणून परत गेली होती. पैलवान त्यांतले एक.

डॉक्टर म्हणाले, पत्रं टाकू. माया म्हणाली, मी जाते.

जूनभर ती हिंडली. ऑफिसचे सहा दिवस आणि रविवारी एस.टी. कोरेगाव, वडूज, तासगाव, पलूस. कुणाच्या वस्तीवर, कुणाच्या गुऱ्हाळावर. बहुतेकांना तो प्रसंग आठवत होता. एक सरपंच म्हणाला, आमाला वाटलं कायतरी सरकारी नियम आसंल. एक ट्रकवाला म्हणाला, मी तर खूश झालो होतो, घरात बायकोला सांगितलं वजन कमी झालंय. माया हसली नाही, तेव्हा त्यानंही हसू आवरलं. आठ जणांनी पुन्हा नाव दिलं. एक जण मधल्या काळात वारला होता, त्याच्या पोरानं फॉर्म हातात घेऊन बघितला आणि बापाचं अक्षर आहे म्हणून ठेवून घेतला. एक पुण्याला गेलेला.

अकरावी हरणाबाई, औंधची. यमाईच्या डोंगराच्या वाटेवर तिचं बांगड्यांचं दुकान होतं. माया पोचली तेव्हा गिऱ्हाईक होतं. हरणाबाईनं तिला बसायला सांगितलं. एका नवऱ्या मुलीच्या हातात बांगड्या भरून झाल्या, मग वळली. मायानं पाठ झाल्यासारखं सगळं सांगितलं. चूक माझी, आकड्यांऐवजी अक्षरं ताडली गेली, तुमचं वजन नियमात आहे, यादीत नाव घालू का.

हरणाबाई ऐकून घेत होती. म्हणाली, "मी त्या दिवशी का आलते ठावं हाय का तुमाला?"

"नाही."

"लहानपनापास्नं सगळं गाव माज्या अंगावरनं हसतंय. मला वाटलं, एवढं मोप रगत हाय अंगात, कुनाच्या तरी कामाला यावं. तर मशीनबी हसलं. वजन कमी म्हनं. पोरं अशी हसली, अशी हसली." तिनं काचेवरून हात फिरवला. "तुमी भल्या हायसा. एवढं लांब आलासा. पर माजं नाव नगा घालू."

"पण आता पान बरोबर..."

"पानाचं न्हाई वं. मीच न्हाई येनार."

हरणाबाईनं तिला पाणी दिलं. निघताना हातात अर्धा डझन हिरव्या बांगड्या भरल्या आणि पैसे घेतले नाहीत. औंधहून साताऱ्याच्या गाडीत खिडकीला बसून माया सगळा रस्ता त्या बांगड्या फिरवत होती. रहिमतपूर आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला सांगलीला जायचंय आणि आपण उलट्या गाडीत बसलोय.

त्यानंतर तिच्या हातून जे पान निघालं त्यात प्रत्येक चौकटीच्या तोंडाशी तपासणी असायची. आत येणारी गोष्ट पान चालू असतानाच थांबवायची, कोण आहे विचारायचं, आकडा हवा असेल तर आकडा करून बघायचा, होत नसेल तर परत पाठवायचं आणि का पाठवलं ते नीट सांगायचं. यातही तिला एकदा दणका बसला. चौकटीत मुद्दाम रोमन अक्षरांत 'साठ' लिहून तिनं त्याचा आकडा करायला सांगितला आणि प्रकार विचारला. भाषेनं सांगितलं: नंबर. मूल्य विचारलं तर म्हणे, हा नंबर नाही. नंबर नसलेल्या गोष्टीचाही प्रकार नंबरच. त्या दिवशी ती ऑफिसात एकटीच हसली आणि मग तिला भीती वाटली. नुसतं तू कोण विचारून भागत नाही, दाखवलेला कागदही उलटून बघावा लागतो. तिनं तपासणीत आणखी दोन ओळी वाढवल्या.

निकम वैतागायचे. "अगं, गिऱ्हाइकाला पान उघडायला दोन मिनिटं लागतात. एवढे पहारे कशाला? साध्या लग्नाच्या हॉलचं पान आहे."

"लोक तिथं पाहुण्यांची संख्या लिहिणार सर."

"लिहू देत की."

ती तपासणी काढायची नाही. निकम शेवटी नाद सोडायचे. पण दिवाळीत पगार वाढवताना त्यांनी तिचा वाढवला सगळ्यात जास्त.

मंडळाच्या शिबिरांना माया आता स्वतः जायला लागली. आण्णा म्हणाले, रविवारी तरी घरात थांब. ती म्हणायची थांबते, आणि साडेसहाची गाडी पकडायची. शिबिरात टायपिंगला बसणाऱ्याच्या मागं ती उभी राहायची. त्या माणसाला ते नको असायचं, तिला ते कळायचं, तरी ती हलायची नाही.

डिसेंबरात जत तालुक्यात शिबिर लागलं. वर्ष संपत आलेलं, सगळीकडं दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर बंद पडणार असली बोलणी. शिबिर एका मराठी शाळेत होतं, पाण्याचा टँकर येतो त्या चौकात. टायपिंगला मंडळाची पायल बसली होती. अकराच्या सुमाराला एक मेंढपाळ रांगेतून पुढं आला. घोंगडी खांद्यावर, बोली कानडी. पायलनं नाव विचारलं, गाव विचारलं. वय विचारलं तर त्यानं हात हलवला. तिनं चौकट रिकामी ठेवून बटण दाबलं. पान थांबलं. इथं संख्या हवी. तिनं एक टिंब टाकलं. पान थांबलं. इथं संख्या हवी.

"ताई, हे सोडतच नाही," पायल म्हणाली. "मी चाळीस टाकू का?"

माया पुढं झाली. वडिलांच्या गावाकडची मोडकी कानडी तिला येत होती. तिनं मेंढपाळाला विचारलं, वय किती. तो म्हणाला, चाळीस असेल, साठही असेल. साठच्या पुढच्याचं रक्त घेत नसत. बहात्तरच्या दुष्काळात केवढा होतास, तिनं विचारलं. त्यानं विचार केला. लग्न झालं होतं का? झालं होतं. पोरं होती का? एक होतं, गेलं. मग स्वतःच म्हणाला, का त्याच्या आधीच्या दुष्काळात ते, आठवत नाही.

पायलची बोटं कीबोर्डवर थांबलेली. रांग मागं वाढत होती. चाळीस टाकलं असतं तर पानानं घेतलं असतं. पंचावन्न टाकलं असतं तरी घेतलं असतं. दोन्ही आकडेच होते, अस्सल, तपासणीत उतरणारे. मायाच्या लक्षात आलं की इथं आपल्या पहाऱ्याचं काम संपतं आणि पुढचं त्याला कळणार नाही, आपल्यालाही कळत नाहीये. मेंढपाळ शांतपणे तिच्याकडं बघत होता. त्याला घाई नव्हती, मेंढरं शाळेच्या भिंतीपलीकडं बसलेली.

"टाकू नकोस काही," ती पायलला म्हणाली. "पुढच्याचं घे."

मग ती त्या माणसाला घेऊन शाळेच्या मागच्या वर्गात, डॉक्टरांच्या टेबलाकडं गेली. त्याचे डोळे, दात, नाडी बघून डॉक्टर काय ते ठरवतील. दारातून एकदा तिनं मागं वळून बघितलं, पायल काय टाइप करतेय ते. मग आत गेली आणि डॉक्टरांना सांगायला लागली की यांचं वय सांगता येत नाही, आणि का येत नाही.